धूर कुणाचा, दंड कुणाला?

ज्या वस्त्यांमध्ये तीस-चाळीस वर्षांपूर्वी सायकल हीच मोठी मिळकत समजली जात होती, तेथे आज घरापुढे चारचाकी उभी दिसते. ही समाधानाचीच बाब आहे. परंतु यातल्या पुष्कळशा गाड्या शोरूममधून हार घालून आलेल्या नाहीत. कुणा अधिकाऱ्याने दहा वर्षे वापरून काढून टाकलेली मारुती ८००, शाळेची पोरे वाहून वाहून थकलेली ओम्नी, दोन मालक बदललेली डिझेल इंडिका, असा हा सगळा ताफा आहे. मंडपवाला, बँडपथकवाला, लग्नाच्या जेवणाचे छोटे काम धरणारी बाई, निवृत्त शिक्षक, नोकरीतून कमी झालेला कामगार अशांच्या दारात ती गाडी असते आणि बहुतेक वेळा तिच्यावर घरातली दोन माणसे पोट भरत असतात.

या गाडीवाल्याला चौकात हात करून थांबवले गेले की त्याच्या छातीत धडकी भरते. विमा असतो, परवाना असतो, आरसी बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले असते. नेमकी पीयूसीची तारीख उलटून गेलेली असते. मोटार वाहन कायद्याचे कलम १९०(२) पूर्वी पहिल्या गुन्ह्याला एक हजार रुपये दंड सांगत होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सवर गदा, येथवर आणून ठेवले. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकारे आपापल्या परीने ठरवतात हे खरे. तरी 'दहा हजार' हा आकडा गरीब माणसाच्या कानात बसलेला आहे आणि त्या भीतीचा वापर कसा होतो हे आपण रोज पाहतो.

दुसरीकडे तपासणीचे दर पाहा. महाराष्ट्रात २०२२ मध्ये हे दर वाढवून दुचाकीला ५० रुपये, पेट्रोल तीनचाकीला १०० रुपये, पेट्रोल, सीएनजी आणि एलपीजीवरच्या चारचाकीला १२५ रुपये आणि डिझेल गाडीला १५० रुपये असे करण्यात आले. म्हणजे सव्वाशे रुपयांचा कागद आणि त्याच्यापोटी दहा हजारांची टांगती तलवार! या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात एक धंदा उभा राहिला आहे. यंत्राची नळी सायलेन्सरला न लावता कागद देण्याचा धंदा. आणि तो धंदा एका खोट्या समजुतीवर चालतो. ती समजूत अशी की जुनी गाडी काही केल्या तपासणीत पास होत नाही.

ही समजूत निव्वळ खोटी आहे, असे आम्ही ठामपणे म्हणतो. कायदा जुन्या गाडीला नव्या गाडीच्या मापाने मोजतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ याबाबत स्पष्ट आहे. १ ऑक्टोबर २००४ पासून लागू झालेल्या मर्यादा सांगतात की, भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेले पेट्रोल, दहा लाख भागांत १५०० भागांपर्यंत चालते. भारत स्टेज दोन आणि तीनच्या गाडीला हीच मर्यादा अर्धा टक्का आणि ७५० भाग अशी आहे. स्टेज चारची गाडी असेल तर ०.३ टक्का आणि २०० भाग. ३१ मार्च २००० पर्यंत तयार झालेल्या दुचाकी-तीनचाकीला साडेचार टक्के आणि ९००० भाग इतकी मुभा आहे. त्यानंतरच्यांना साडेतीन टक्के. डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे ते हार्ट्रिज एककात मोजतात. जुन्या गाडीला ६५, स्टेज चारला ५०.

वाचकांनी हे आकडे कापून पाकिटात ठेवावेत. कारण तपासणी केंद्रावर आपली गाडी कोणत्या रकान्यात टाकली जाते यावर सारे अवलंबून असते. स्टेज दोन देशात एकाच दिवशी आली नाही. दिल्लीत २००० साली, मुंबईत त्याच्या पुढच्या वर्षी आणि साऱ्या देशात २००५ साली ती लागू झाली. त्यामुळे २००३ साली मुंबईत घेतलेली गाडी आणि त्याच साली एखाद्या तालुक्याच्या गावी घेतलेली गाडी यांचा रकाना वेगळा असू शकतो. सरकारच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत पुष्कळ जुन्या गाड्यांच्या नावापुढे ही माहिती भरलेलीच नसते. मग खुर्चीवर बसलेला पोरगा अंदाजाने रकाना निवडतो, गाडी नापास होते आणि मालक मान खाली घालून 'काहीतरी करा ना दादा' म्हणतो. येथून पुढे काय होते ते सांगायला नको.

आमच्या दारात १९९९ ची कार्ब्युरेटरवाली मारुती आहे. गेल्या खेपेस ती घेऊन आम्ही पंपाशेजारच्या व्हॅनकडे गेलो. तेथील माणूस अदबीने म्हणाला, "साहेब, यंत्र लावत बसू नका, उगाच नापास दाखवील. नंबर सांगा, मोबाईलवर ओटीपी येईल, वरचे पन्नास द्या." आम्ही म्हटले, "नापास झाली तर होऊ दे, पण नळी लाव." त्याने नाखुशीनेच लावली. कार्बन मोनॉक्साइड ४.२ टक्के आणि हायड्रोकार्बन ११०० आले. म्हणजे एकात नापास, एकात पास.

हा कागद घेऊन आम्ही आमच्या वस्तीतल्या मिस्त्रींकडे गेलो. चाळीस वर्षे पाना हातात धरलेला हा माणूस; शाळा सातवीपर्यंत. त्यांनी आकडे पाहिले आणि गाडीचे बॉनेट न उघडताच सांगितले, "हायड्रोकार्बन बसतंय ना, म्हणजे प्लग पेटतोय, रिंगा-व्हॉल्व्ह ठीक आहेत. मोनॉक्साइड जास्त, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय नाहीतर हवा कमी मिळतीय." मग बॉनेट उघडले. एअर फिल्टर धुळीने इतका भरलेला की झटकला तर अंगणात ढग उठला. चोकची केबल गंजून अर्ध्यावर अडकलेली. चोक आत ढकलला तरी कार्ब्युरेटरचा पडदा पूर्ण उघडत नव्हता. त्यांनी नवा फिल्टर बसवला, केबल बदलली, कार्ब्युरेटर उतरवून त्याची भोके हवेने साफ केली, प्लग घासून त्यांची फट नीट केली आणि शेवटी इंजिन चांगले तापल्यावर मिश्रणाचा स्क्रू कानाने ऐकत ऐकत बसवला. पुन्हा त्याच व्हॅनकडे गेलो. १.८ टक्के आणि ६०० भाग! यंत्र चालवणारा पोरगा आमच्याकडे संशयाने पाहू लागला.

यातले शास्त्र मोठे गूढ नाही. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन अर्धाच जळतो आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी मोनॉक्साइड बाहेर पडतो. ठिणगी चुकली, व्हॉल्व्ह गळू लागला किंवा झिजलेल्या रिंगांतून इंजिन ऑइल वर चढू लागले की न जळलेले इंधन तसेच बाहेर जाते. तेव्हा हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. म्हणजे नापासाचे दोन आकडे ही गाडीची नाडी आहे. पेट्रोल गाडीतून काळा धूर येत असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. निळा येत असेल तर ऑइल जळते आहे. थंडीच्या सकाळी येणारी पांढरी वाफ विसरून जावी, पण तापलेल्या गाडीतून पांढरा धूर येत राहिला तर रेडिएटरचे पाणी इंजिनात शिरते आहे की काय हे पाहून घ्यावे.

दोन-चार गोष्टी आणखी सांगतो. त्या केंद्रावर कुणी सांगत नाही. घरून निघून शंभर पावलांवरच्या केंद्रावर थंड गाडी नेऊ नये. पंधरा-वीस मिनिटे चालवून मग न्यावी, कारण इंजिन गरम असावे असे तपासणीच्या पद्धतीतच म्हटले आहे आणि ज्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे त्यांचा कन्व्हर्टर थंड असताना कामच करत नाही. नळी सायलेन्सरच्या आत फूटभर तरी गेली पाहिजे. सायलेन्सरला भोक पडलेले असेल तर आधी डाग मारून घ्यावा. बाहेरची हवा आत शिरून आकडे खोटे येतात. इंजिन ऑइल जुने झाले असेल तर बदलावे. इंजेक्शनवाल्या गाडीत स्क्रू फिरवण्याचे काम नसते. तेथे ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर पाहावा लागतो आणि तो खर्च मोठा असतो, हे मान्य. डिझेल गाडीची तपासणी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून होते. त्याआधी एअर फिल्टर आणि इंजेक्टरचे नोझल पाहून घ्यावेत. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या रंगीत बाटल्या दुकानात मिळतात. त्यांनी झिजलेली रिंग भरून येत नाही, एवढे सांगून तो विषय सोडतो. काही मिस्त्री तपासणीपुरता स्क्रू आवळून देतात आणि परत आल्यावर पुन्हा सैल करतात. अशा गाडीचा पिकअप मरतो म्हणून मालकच ते मागतो. हा प्रकार आणि नळी न लावणे यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, सव्वाशे रुपयांत काम होते, कुणाचे काय जाते? जाते ते कुणाचे, हे पहाटे पाच वाजता रस्त्यावर जाऊन पाहावे. झाडू घेऊन दुभाजकाची माती ओढणारी सफाई कामगार बाई, चौकात आठ तास उभा राहणारा हवालदार, सिग्नलवर गजरे विकणारे पोर, उड्डाणपुलाखाली चूल मांडून बसलेले कुटुंब, महामार्गाला खेटून असलेली वस्ती, या साऱ्यांची नाके सायलेन्सरच्या उंचीवर असतात. ज्यांच्या गाडीला काच आणि एसी आहे त्यांना धुराशी देणे-घेणे नाही. सफाईचे काम कोणत्या समाजाच्या वाट्याला आले आणि आजही कुणाच्या वाट्याला आहे, हे या दैनिकाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे? सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे. तो अधिकार त्या झाडूवाल्या बाईचाही आहे. म्हणून आपलीच गाडी जुनी आहे, आपणच गरीब आहोत, आपल्याला सूट मिळावी, ही भूमिका आम्हाला मान्य नाही. आपल्या गाडीचा धूर आधी आपल्याच माणसाच्या छातीत जातो.

परंतु खोट्या कागदाचा दोष एकट्या गाडीवाल्याच्या माथी मारून व्यवस्थेला नामानिराळे राहता येणार नाही. दिल्लीतील वाहनांच्या प्रदूषणावरील महालेखापालांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तेथील विधानसभेत मांडला गेला. ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०२० या काळात एक लाखाहून अधिक गाड्यांचा धूर मर्यादेपेक्षा जास्त नोंदला गेलेला असताना त्यांना पास केल्याचे त्यात आढळले. म्हणजे यंत्र 'नापास' म्हणते, नोंद 'नापास' म्हणते आणि कागद 'पास' म्हणतो! हे राजधानीत, सरकारच्या डोळ्यांदेखत घडले. मग जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी कोण काय पाहत असेल?

आणि मोठ्यांची गोष्ट काय? सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगन कंपनीची लबाडी उघड केली. तपासणी चालू आहे हे गाडीतल्या संगणकाला कळत असे आणि तेवढ्यापुरता तो धूर कमी करीत असे. रस्त्यावर आली की तीच गाडी मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड ओकत असे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही सोय बसवलेली होती. आपल्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेने भारतातील गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने येथील ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. नियम मोडला हे मात्र कबूल केले नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला, त्याला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. आमच्या मंडपवाल्याला चौकात कुणी स्थगिती देते काय?

गंमत पुढेच आहे. ज्या नायट्रोजन ऑक्साइडसाठी एवढे रामायण झाले तो आपल्या पीयूसीच्या नळीत मोजलाच जात नाही. श्वासातून थेट फुप्फुसात उतरणारे बारीक कणही मोजले जात नाहीत. पेट्रोल गाडीचे मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा, संपली तपासणी. याचा अर्थ ती निरुपयोगी आहे असा नाही. बिघडलेली गाडी ओळखायला ती पुरेशी आहे, आमचीच ओळखली. पण डिझेलच्या नव्या, महागड्या, मोठ्या गाडीतली बिघडलेली यंत्रणा तिला सापडेलच असे नाही. जुन्या पेट्रोल गाडीचा दोष मात्र सापडतो.

एवढे करूनही शासनाचा राग गाडीच्या धुरापेक्षा गाडीच्या वयावर जास्त दिसतो. पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ती १०,००० करण्यात आली. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत तर दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदीच आली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई नको म्हटले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण स्टेज चार आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचेही तसेच झाले. वीस वर्षांची मर्यादा भरली म्हणून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. दिवसभर धावणाऱ्या टॅक्सीला वयाची मर्यादा घालणे आम्हाला समजते. पण महिन्यातून चार वेळा बाजाराला जाणारी, नळी लावून पास झालेली निवृत्त शिक्षकाची मारुती आणि रोज शंभर किलोमीटर पळणारी नवी डिझेल गाडी यांत हवा कोण जास्त बिघडवते, हे मोजायचे सोडून दाखल्यावरची जन्मतारीख पाहून दहा हजार घेणे याला प्रदूषण नियंत्रण म्हणायचे की वसुली? ज्याला नवी गाडी घेणे शक्य आहे तो जुनी कशाला ठेवील?

विम्याच्या नावानेही असाच घोळ घातला जातो. पीयूसी नसेल तर विम्याचे नूतनीकरण करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१७ रोजी दिला होता. त्या आदेशातली ही अट जुलै २०२४ मध्ये न्यायालयानेच थर्ड पार्टी विम्यापुरती काढून टाकली, कारण अटीमुळे पुष्कळ गाड्या विम्याविना धावू लागल्या आणि अपघातात सापडलेल्याला भरपाई मिळेना. केवळ पीयूसी नव्हते म्हणून अपघाताचा दावा नाकारता येत नाही, हे विमा नियामकाने ऑगस्ट २०२० मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही कुणी एजंट 'आधी पीयूसी, मग क्लेम' असे दरडावत असेल तर त्याला ते लेखी मागावे. लेखी कुणी देत नाही.

जून २०२१ पासून साऱ्या देशात पीयूसीचा एकच नमुना झाला आहे. त्यावर क्यूआर कोड असतो आणि त्याच वेळी आणखी एक गोष्ट नियमात आली, तिचा बोभाटा मात्र झाला नाही. गाडी नापास झाली तर केंद्राने नापासाची चिठ्ठी द्यायची आहे, आकड्यांसह. ती दाखवून गाडी दुरुस्त करून घेता येते, किंवा केंद्राचेच यंत्र बिघडले आहे अशी शंका असेल तर दुसऱ्या केंद्रावर जाऊन पुन्हा तपासता येते. स्टेज चार आणि त्यापुढील गाड्यांना हा खटाटोप वर्षातून एकदा, जुन्यांना दर सहा महिन्यांनी करायचा असतो. परिवहन खात्याने प्रत्येक केंद्राने वर्षात किती गाड्या तपासल्या आणि किती नापास केल्या, एवढी एक यादी आरटीओच्या दारावर लावावी. ज्या केंद्रावर वर्षभरात एकही गाडी नापास होत नाही तेथे नळी कुठे लावली जाते, ते मग कुणालाही विचारता येईल. आमच्या पंपाशेजारच्या व्हॅनमधल्या पोराकडे आम्ही नापासाची चिठ्ठी मागितली, तेव्हा असे काही असते हे त्याला ठाऊक होते. ती छापायला किती वेळ लागतो, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते, कारण त्याने ती आजवर कुणालाच छापून दिली नव्हती.